मागचं धूसर, पण डोळे स्पष्ट: पोर्ट्रेटची अडचण अशी सुटली

किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स) ५५ मिमीला एफ/५.६ ठेवलं, तरी मागची भिंत काही केल्या धूसर होत नव्हती. कारण लेन्समधल्या प्रकाश येणाऱ्या छिद्राचा व्यास: लेन्सचे मिमी भागिले एफ-आकडा, इथे ५५ भागिले ५.६, म्हणजे जेमतेम १० मिमी. छिद्र जितकं मोठं, तितकं मागचं जास्त धूसर. ५० मिमी एफ/१.८ लेन्सला तो २८ मिमीच्या आसपास मिळतो. पण लेन्स बदलायच्या आधी माणसाला भिंतीपासून पुढे आणा. भिंतीला टेकून उभं राहिलेल्यामागे कुठलीच लेन्स फार काही करू शकत नाही. चार-पाच मीटर अंतर पडलं की किट लेन्सही बरंच निभावते. झूम पूर्ण ५५ वर न्या आणि चेहरा, खांदे चौकटीत मावतील इतकं जवळ जा.

एफ/१.८ वर वेगळाच त्रास सुरू होतो: नाक स्पष्ट, पापण्या मऊ. एपीएस-सी सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) १.२ मीटरवरून फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तो, साधारण ४ सेंमी उरते. मधल्या बिंदूने फोकस धरून मग कॅमेरा वळवला, किंवा समोरचा जरा डुलला, की ती निसटते. फोकसचा एकच बिंदू (सिंगल पॉइंट) थेट जवळच्या डोळ्यावर ठेवा. डोळा आपोआप शोधून फोकस करणारं आय-एएफ असेल तर उत्तमच. दोन मीटरवर मागे सरकलात तर ११ सेंमीच्या आसपास मिळतात. चेहरा तिरका असेल तर मी सरळ एफ/२.८ लावतो, कारण दुसरा डोळा धूसर झालेला फोटो मला चालत नाही.

भर उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १०० आणि एफ/१.८ ला शटर १/८००० सेकंदाच्या घरात लागतं. कॅमेरा १/४००० लाच थांबत असेल तर चेहरा पांढरा पडतो. सावलीत या, नाहीतर लेन्सवर प्रकाश आठपट कमी करणारा एनडी८ फिल्टर लावा.