कुरण थकलं होतं, पाऊस नव्हे

दोन हेक्टर कुरणात आठ गाई रोज मोकळ्या सोडायचो. तिसऱ्या वर्षी माती उघडी पडली, उरलं ते गाई तोंड लावत नाहीत असलं तण. मी आपला पावसाला शिव्या देत होतो.

मग एक मीटर बाय एक मीटरची चौकट केली. सात-आठ ठिकाणी टाकून आतलं गवत कापलं, वाळवलं, तोललं. सरासरी 150 ग्रॅम, म्हणजे हेक्टरी 1500 किलो. त्यातलं निम्मं मुळांसाठी सोडायचं, उरलं 750. चारशे किलोची गाय वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे दिवसाला 10 किलो सुका चारा खाते. आठ गाईंना दोन हेक्टर जेमतेम 19 दिवस! आकडा पुन्हा मांडला, तोच आला.

तीन गाई विकल्या (घरात दोन दिवस अबोला). कुरणाचे चार तुकडे पाडले. गवत चार बोटं उरलं की गाई पुढच्या तुकड्यात, आणि वीतभर वाढल्याशिवाय परत नाही. वाढ थांबली की गोठ्यात वैरण.

पहिल्या वर्षी फारसा फरक दिसला नाही. यंदा जुन्या ठोंबांच्या मधल्या मोकळ्या जागेत कोवळे फुटवे आलेत.