बारावीनंतर पॅरालीगल की अँब्युलन्स? फी भरण्याआधी एवढं करा

निकाल लागला की आमच्या चोपड्यात विजेच्या खांबांवर बोर्ड लटकतात. ‘बारावी पास? सहा महिन्यांत पॅरामेडिकल, नोकरीची हमी.’ पुढच्याच खांबावर पॅरालीगल डिप्लोमा. मी विधी सेवा समितीकडे, म्हणजे गरजूंना फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेत, पीएलव्ही (पॅरालीगल व्हॉलंटियर), म्हणजे विधी स्वयंसेवक. भाऊ १०८ च्या सरकारी अँब्युलन्सवर पायलट, तिथे ड्रायव्हरला पायलटच म्हणतात. त्यामुळे दोन्हीकडची चौकशी करणारी पोरं आमच्याच ओट्यावर येऊन बसतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी कायद्याचं. पीएलव्ही व्हायला कुठल्याही क्लासला पैसे भरावे लागत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली ही यंत्रणा चालते. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं: जळगाव, धुळे, नंदुरबार, आपापल्या जिल्ह्यात जायचं. भरतीची सूचना निघाली की अर्ज, मुलाखत, मग प्रशिक्षण, आणि ते फुकट. पण घरात आधीच स्पष्ट सांगून ठेवा, ही पगाराची नोकरी नाही. ज्या दिवशी काम लावलं त्या दिवसाचं मानधन, बस. पक्षकाराकडून एक रुपया घ्यायचा नाही आणि कोर्टात उभं राहून बाजू मांडायची नाही, तो अधिकार वकिलाचा.

मग करायचं कशाला? कारण वकिली करायची की नाही हे ठरवायला याहून स्वस्त शाळा नाही. वकिलाकडे कारकुनी, संस्थेत कायदेविषयक काम, बँकेचं वसुलीचं काम, इथेही हा अनुभव विचारतात. इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा बारावीवर करता येतो. त्याने वकील होत नाही, पण खांबावरच्या बोर्डापेक्षा तो कागद बरा. खरं पुढे जायचं असेल तर एलएलबी: बारावीनंतर पाच वर्षं, पदवीनंतर तीन, दोन्हीला सीईटी. जळगावचं मणियार लॉ कॉलेज आपल्या हाताशी आहे, उगाच पुण्याच्या खोलीभाड्यात घर रिकामं करू नका.

या कामात अर्ज लिहिणं हे निम्मं काम आहे. पाड्यावरची बाई येते, वनहक्काचा दावा अडकलाय म्हणते. तिला २००६ चा कायदा वाचून दाखवायचा नसतो. तिला विचारायचं: ग्रामसभेचा ठराव कुठेय? दावा कोणाकडे दिला, कोणत्या तारखेला, पोच आहे का? बहुतेकदा पोचच नसते. मग अर्ज दोन प्रतींत लिहायचा. वर तारीख, खाली गट नंबर, मध्ये घडलं तसं, घडलं त्या क्रमाने. आवक टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. बाबू म्हणतो, ‘ठेवून जा, बघतो.’ तुम्ही म्हणायचं, ‘साहेब, शिक्का मारा, मग बघा.’ हे कोणत्याही डिप्लोमात नीट शिकवत नाहीत, आणि अर्ध्या केसेस याच्यावर तरतात.

आता अँब्युलन्सचं. इथे पोरांची फसगत जास्त होते, कारण लाल दिवा बघून मन आधीच तयार असतं. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ साली सुरू झाली तेव्हापासून गाडीत डॉक्टर ठेवायची पद्धत आहे, बऱ्याचदा बीएएमएस. त्यामुळे ‘ईएमटीचं (गाडीत तातडीचे उपचार करणाऱ्या तंत्रज्ञाचं) सर्टिफिकेट घेतलं की १०८ मध्ये सीट पक्की’ असं कोणी म्हणालं तर त्याला विचारा, गाडीत डॉक्टर असताना ईएमटीची सीट कुठली? शेजारच्या गुजरातमध्ये २००७ पासून गाडीवर ईएमटीच असतो, म्हणून नवापूरकडच्या पोरांना पलीकडची भरती बघणं जास्त सोयीचं. खाजगी हॉस्पिटलच्या कार्डियाक अँब्युलन्स, कारखान्यांची प्रथमोपचार खोली आणि हॉस्पिटलची कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग), इथेही कामं निघतात.

विज्ञान घेतलंय, जीवशास्त्र आहे, तीन-चार वर्षं देता येतील, तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बीपीएमटी ही पॅरामेडिकलची पदवी बघा: तीन वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे; कोणत्या कॉलेजात कोणत्या शाखा, हे तिथल्या ऑफिसातच विचारायचं, एजंटाला नाही.

खाजगी संस्थेत जायचंच असेल तर भिंतीवरच्या फ्रेमा वाचा. ट्रस्टचं नोंदणीपत्र आणि आयएसओचा कागद म्हणजे अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. विचारा: परीक्षा कोण घेतं? सर्टिफिकेटवर नाव कोणाचं? परावैद्यक परिषदेत नोंदणी होईल का? कॅज्युअल्टीत किती तास उभं करणार, आणि कोणत्या हॉस्पिटलात? त्या हॉस्पिटलचं पत्र दाखवा म्हणा. मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, दाखवा म्हणा. हृदय बंद पडलं तर द्यायचा सीपीआर: छातीवर दाब मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, ३० दाबांनंतर दोन श्वास. हे फळ्यावर लिहून येत नाही, हात दुखेपर्यंत करावं लागतं. मॅनिकिन कपाटात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं दिसलं तर चहा न घेता परत या.

आणि आपल्या भागाचं वेगळं आहे. केळीच्या बागेत साप, कपाशीवर फवारणीची विषबाधा, हायवेवर ट्रक. सर्पदंशात आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही. बांगड्या, जोडवी काढायची, तो अवयव हलू द्यायचा नाही, चावल्याची वेळ लिहायची आणि सापाच्या विषावरची लस असलेल्या दवाखान्यात न्यायचं. फवारणीच्या पेशंटबरोबर औषधाची बाटली न्यायची. बोलीही लागते. ‘कोठे दुखस?’ विचारलं की म्हातारी बोलते. ‘वेदना कुठे होतात’ला ती मान हलवते. सातपुड्यात पावरी बोलीचे चार शब्द येत असतील तर मुलाखतीत आधी तेच सांगा.

दोन्ही धंद्यांची गाठ पडते ती एमएलसीच्या, म्हणजे पोलिसात नोंद होणाऱ्या वैद्यकीय केसच्या, कागदावर. अपघाताचा पेशंट किती वाजता उचलला, शुद्धीत होता का, काय म्हणाला, हे गाडीत नीट लिहिलं गेलं तर पुढे भरपाईच्या दाव्यात माझं काम सोपं होतं. त्या दाव्यालाही कायद्याने आता अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. नातेवाईक दहावं-तेरावं आणि शेतीची कामं उरकून येतात तोवर बरेच दिवस गेलेले असतात. म्हणून अँब्युलन्सकडे जाणाऱ्या पोरालाही मी एफआयआर वाचायला शिकवते, आणि पीएलव्ही होणाऱ्या पोरीला एकदा तरी सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत रात्रभर बसून यायला लावते. तिथून सकाळी परत आल्यावर ‘ताई, मला नाही जमणार’ म्हणाली तरी चालतं. फी अजून भरलेली नसते.