टोमॅटो लावण्यापूर्वी विषाणूच्या धोक्याची पाहणी

नारायणगाव-संगमनेर पट्ट्यात टोमॅटोचे रान तयार करताना वाण ठरवण्याआधी शेजारच्या रानांत एक फेरी मारून यावी. २०२० च्या उन्हाळ्यात फळांवर हिरवे, पिवळे, लाल पट्टे पाडणारा जो रोग शेतकऱ्यांच्या तोंडी ‘तिरंगा’ म्हणून रुळला, त्याच्या नमुन्यांत प्रामुख्याने काकडीवरील मोझॅक विषाणू आढळला होता; म्हणून केवळ जुने टोमॅटोच नव्हे, तर काकडी, भोपळा, मिरची यांचे उभे प्लॉट आणि बांधावरची कामोणी, धोतरा हेही पाहणीत धरावेत.

त्यानंतर धोका कोणत्या किडीमार्फत येतो हे ठरवावे, कारण पुढची सगळी तयारी त्यावर अवलंबून असते. हा मोझॅक विषाणू मावा वाहून नेतो आणि रोगट पानाला सोंड लावल्यावर काही सेकंदांत तो उचलून लगेच दुसऱ्या झाडाला देतो. फवारलेल्या औषधाने मावा मरतो खरा, पण तोवर रोग देऊन झालेला असतो, त्यामुळे अशा ठिकाणी निव्वळ फवारणीच्या भरवशावर राहू नये आणि लागवडीच्या आधीच चहूबाजूंनी मक्याच्या दोन-तीन ओळी दाट उभ्या कराव्यात. पर्णगुच्छाचे, म्हणजे पाने मुरडून झाड खुजे ठेवणाऱ्या विषाणूजन्य रोगाचे, तसे नाही. पांढऱ्या माशीला तो विषाणू घेऊन पसरवायला काही तास लागतात, म्हणून तिथे वेळेवर केलेला कीडबंदोबस्त उपयोगी पडतो. शेंडा करपवणारा विषाणू फुलकिडे आणतात, आणि ते पाहण्यासाठी शेंडा पांढऱ्या कागदावर दोन-तीनदा झटकावा. सुईच्या टोकाएवढे पिवळसर किडे कागदावर चालू लागले की निळे चिकट सापळे लावून त्यांवर नजर ठेवावी.

रोपे घेताना रोपवाटिकेच्या जाळीला भोके नाहीत ना आणि दाराला दुहेरी पडदा आहे ना, हे स्वतः पाहावे, आणि ट्रेमधले रोप उचलून पानाच्या खालच्या बाजूला या किडी आहेत का ते उलटून बघावे (वरून हिरवेगार दिसणारा ट्रे पुष्कळदा इथेच फसवतो).

बांधणी व खुडणी करणाऱ्या मजुरांनी रोगट झाड शेवटी हाताळावे, कारण टोमॅटो मोझॅकसारखे काही विषाणू हातांनी आणि विळ्यानेही पसरतात.

एवढे पाहूनही शेजारचा जुना प्लॉट रोगट आणि उभाच असेल, तर तो उपटला जाईपर्यंत लागवड पुढे ढकलावी. फुलोऱ्यापूर्वी रोग लागलेल्या झाडाला विकण्याजोगे फळ क्वचितच धरते.