प्लॉट दाखवण्यात पेट्रोल जळत होतं, ते असं थांबवलं

जून 2024 मध्ये कर्नाटकानं विक्रीकर वाढवला, पेट्रोल लिटरमागे 3 रुपयांनी चढलं. मी प्लॉटचा दलाल, माझं कमिशन तेवढंच. गिऱ्हाईक बेळगावजवळच्या खानापूरपर्यंत यायचं, बांधावर उभं राहून म्हणायचं, "रस्ता अरुंद हाय की!" वैताग यायचा.

कमिशन वाढवून बघितलं, गिऱ्हाईकं पळाली. गाडीभाडं मागितलं, तोंडं वाकडी झाली.

लागू पडलं ते असं. मालकाकडून आधी सर्व्हे नंबर घ्यायचा. 'भूमी' या कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या वेबसाइटवर उतारा काढून नाव आणि क्षेत्र जुळवायचं. मग 'दिशांक' ॲपवर तोच नंबर टाकून जागा नकाशावर बघायची. पहिल्या फेरीतच व्हिडिओ काढायचा, मोटारसायकल आडवी लावून, म्हणजे रस्त्याची रुंदी कळते. तो बघूनही येतो म्हणेल त्यालाच न्यायचं. मच्छे, देसूर, खानापूर एकाच रस्त्यावर, म्हणून तिन्ही एकाच बुधवारी. आता आठवड्याला चारऐवजी एकच फेरी होते.