जुनी सेप्टिक टाकी बुजवताय? या चुका टाळा

गल्लीत भुयारी गटार येते, संडासाचं कनेक्शन तिकडे जोडलं जातं आणि अंगणातली जुनी सेप्टिक टाकी विसरली जाते. वर शहाबादी फरशी, फरशीवर कुंड्या, कधी मोटारसायकल. पुढे खोली वाढवायची किंवा पार्किंग करायचं निघालं की तिची आठवण होते. मग दोन गडी बोलवायचे, फरशी फोडायची, मिळेल ती माती ढकलायची आणि वरून पेव्हर ब्लॉक. लातूर असो, नांदेड असो की जालना, काम असंच उरकलं जातं आणि यातली जवळजवळ प्रत्येक पायरी चुकलेली असते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. या कामात कुठल्याही टप्प्यावर कुणीही टाकीत उतरायचं नाही. उतरल्याशिवाय होणार नाही असं ठेकेदार म्हणत असेल, तर ठेकेदार बदला.

वापरात नाही म्हणजे धोका नाही, असं धरून चालणं

टाकी दहा वर्षं बंद असली तरी तळाचा गाळ कुजतच असतो. वरची साय वाळून कडक होते आणि तिच्याखाली हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड साठतात. ऑक्सिजन कमी झालेला असतो. वरून बघणाऱ्याला कोरडी, शांत टाकी दिसते. पहारीने साय फोडली किंवा गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो.

हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण या वासावर भरवसा ठेवू नका. हवेत त्याचं प्रमाण दशलक्षात १०० भागांच्या आसपास गेलं की नाकाला वास कळेनासा होतो. म्हणजे ‘आता वास गेला’ हे बऱ्याचदा प्रमाण वाढल्याचं लक्षण असतं. हजाराच्या वर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड आहे, त्यामुळे झाकण तासभर उघडं ठेवलं म्हणून तो तळातून निघून जात नाही. तोंडाला ओला गमछा बांधून तर काहीच अडत नाही.

जुन्या आडात उतरण्याआधी कंदील सोडून बघायची पद्धत आपल्याकडे होती. ती इथे वापरू नका. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की ठिणगी पुरते, आणि कंदिलाला हायड्रोजन सल्फाइडचं विष कळत नाही. काम चालू असताना झाकणाजवळ बिडी, ग्राइंडर, वेल्डिंग काही नको.

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजूर दगावले. अशा अपघातांत पहिला माणूस पडतो आणि त्याला काढायला गेलेले पाठोपाठ जातात. कुणी आत पडलंच तर वरून दोर टाका, आरडाओरडा करून माणसं लांब ठेवा, ११२ किंवा अग्निशमनाच्या १०१ वर फोन करा. स्वतः उतरू नका. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकी साफ करायला उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

टाकीवर उभं राहून काम सुरू करणं

टाकी नेमकी कुठे संपते हे आधी शोधा. व्हेंट पाइप, जुना चेंबर आणि संडासाची भिंत यांवरून अंदाज येतो. लांब पहारीने फरशीवर हलकं ठोकत जा. पोकळ आवाज कुठे बदलतो तिथे खडूने रेघ मारा. हे करताना पाय टाकीच्या बाहेर, पक्क्या जमिनीवर. वरून धडधाकट दिसणारी फरशी खालून ओलीने खंगलेली असते आणि न कडकडता तुटते. आरसीसी स्लॅबचंही तेच. हायड्रोजन सल्फाइडपासून स्लॅबच्या खालच्या बाजूला गंधकाचं आम्ल तयार होतं, ते सिमेंट खातं, मग सळई गंजून फुगते. रेघ सापडली की चारी बाजूंनी पाच-सहा फूट सोडून दोरी बांधा आणि मुलांना, जनावरांना लांब ठेवा.

कुठला पाइप चालू आहे हे न बघणं

संडास नव्या लाइनला जोडला म्हणजे सगळं जोडलं असं होत नाही. न्हाणीघर, मोरी, कधी शेजारच्या भावकीचा संडाससुद्धा जुन्याच टाकीत सुटलेला असतो. रंगपंचमीचा उरलेला रंग बादलीभर पाण्यात कालवा आणि एकेका ठिकाणी ओता. झाकण थोडं सरकवून दुरूनच, बॅटरीच्या उजेडात, रंगीत पाणी टाकीत येतंय का बघा. एकावेळी एकच जागा तपासा, नाहीतर घोळ होतो.

जो पाइप टाकीत येतो तो आधी नव्या चेंबरकडे वळवा. चार इंची पाइपला दर दहा फुटांना तीन इंच उतार ठेवा. मग जुना पाइप टाकीच्या बाहेरच्या बाजूला कापून एंड कॅप लावा आणि कॅपवर सहा इंच काँक्रीट भरा. जुना पाइप चिनी मातीचा असेल तर कॅप बसत नाही. तिथे तोंडात वीटतुकडे कोंबून काँक्रीटचा बुच मारा. नुसता फडका कोंबला तर तो कुजतो आणि त्याच वाटेने उंदीर-झुरळं घरात येतात.

टँकर येण्याआधी स्लॅब फोडणं

हा उलटा क्रम फार महागात पडतो. फोडलेला स्लॅब गाळात पडतो, विटा-दगड सक्शनच्या पाइपात अडकतात आणि टँकरवाला अर्धं काम टाकून निघून जातो.

आधी मैल्याचा व्हॅक्यूम टँकर बोलवा. ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि आत ५ फूट पाणी असलेली टाकी साधारण साडेपाच हजार लिटरची असते. टँकर तीन हजार लिटरचा असेल तर दोन फेऱ्या धरूनच दर ठरवा. तळाचा गाळ वाळून दगडासारखा झाला असेल तर वरूनच प्रेशरचं पाणी मारून तो मोकळा करतात आणि पुन्हा ओढतात. वायू सगळ्यात जास्त याच वेळी सुटतो. पाइप धरणारा माणूस वारा पाठीवर घेऊन उभा राहील असं बघा, आणि तोंडाशी वाकून बघणाऱ्यांना हटवा.

इथे एक हमखास राहणारी गोष्ट: टाकीला बहुतेक वेळा मधली भिंत असते आणि दोन कप्पे असतात. पहिल्या झाकणातून एक कप्पा रिकामा झाला की ‘झालं’ म्हणतात. दुसरा तसाच भरलेला राहतो. दुसरं झाकण शोधा, नसेल तर स्लॅबला बाजूने भोक पाडून घ्या.

मैला कुठे जाणार हे टँकरवाल्याला विचारा. तो पालिकेच्या मलप्रक्रिया केंद्रात गेला पाहिजे. ओढ्यात किंवा खत म्हणून कुणाच्या शेतात नको. त्यात जंतांची अंडी महिनोन्‌महिने तग धरतात.

टाकीत अॅसिड ओतणं

वास मारायला संडासाचं अॅसिड ओतणाऱ्यांना सांगायला हवं की अॅसिडने गाळातला हायड्रोजन सल्फाइड जोरात बाहेर पडतो. त्यातच ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू तयार होतो. दोन्ही बाजूला ठेवा. टाकी रिकामी झाल्यावर तळाला उरलेल्या पातळ थरावर विरलेला चुना भुरभुरावा. एवढ्या टाकीला २५ किलोची एक गोणी पुरते. कळीचा चुना नको, तो पाणी लागताच उकळतो आणि अंगावर उडतो.

काळ्या मातीने भरणं

मराठवाड्यात सगळ्यात जास्त टाक्या इथे बिघडतात. पाया खोदताना निघालेली काळी माती फुकट असते, म्हणून तीच ढकलतात. पण ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. दोन पावसाळ्यांत वरची फरशी खचते, किंवा एका कोपऱ्यात भोक पडून दुचाकीचं चाक आत जातं. उकिरड्याचा कचरा, झाडाचा पाला, लाकडं भरली तर ती कुजतात आणि पुन्हा पोकळी होते, पुन्हा वायू.

सहा फूट खोल टाकी आम्ही अशी भरायला सांगू. जेसीबी टाकीच्या काठापासून किमान सहा फूट लांब उभी करा. नुसत्या यंत्राचंच वजन सात-आठ टन असतं आणि काठाची जुनी भिंत त्या भाराने आत येते. लांबच्या हाताने स्लॅब काढून घ्या, मधली भिंत पाडा, आणि ब्रेकरने तळाला फूटभर रुंदीची दोन-तीन भोकं पाडा. भोकं नसतील तर तळ पातेल्यासारखं पाणी धरून ठेवतो आणि वरचा भराव कायम ओला राहतो. बाजूच्या भिंती वरून दीड-दोन फूट तोडा, म्हणजे पुढे फरशीला त्यांची कड लागत नाही.

खालच्या साडेतीन फुटांत २० ते ४० मिलिमीटर खडी आणि क्रशरची चुरी मिसळून टाका. थर टाकला की पाणी सोडा, चुरी पोकळ्यांत बसत जाते. ठोकायला कुणाला उतरावं लागत नाही. टाकीचा तळ काळ्या मातीतच असेल तर पाणी जेमतेम मुरतं, अशा वेळी ते बेतानेच सोडा. तुटलेल्या स्लॅबचे फुटापेक्षा लहान तुकडे याच थरात चालतात, मोठे नको.

वरच्या अडीच फुटांत मुरूम. आठ-आठ इंचांचे थर, थोडं पाणी आणि धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर. मुरूम मुठीत दाबला की गोळा व्हावा, बोटांतून पाणी गळू नये, एवढीच ओल हवी. माल किती लागेल? ८ बाय ५ च्या टाकीला खडी-चुरी दीड ब्रास आणि मुरूम सव्वा ब्रास, कारण सुटा मुरूम ठोकल्यावर पाचव्या हिश्श्याने बसतो. दारात वाद नको म्हणून ब्रास आधी मोजून घ्या. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट.

टाकी घराच्या दगड-मातीच्या भिंतीला लागून असेल तर ब्रेकर लावू नका, हादऱ्याने भिंत सुटते. गल्ली अरुंद आहे, जेसीबी येतच नाही, तरी उपाय आहे: चुरी आणि थोडं सिमेंट, ब्रासला तीन-चार पोती, पातळ कालवून झाकणाच्या तोंडातून ओतायचं. ते स्वतःच पसरतं. खर्च जास्त, पण ठोकणं नाही आणि पोकळी राहत नाही. दोन दिवसांत दोन-तीन टप्प्यांत ओता, एकदम नाही. भिंतींवर दाब येतो.

उपसून रिकामी ठेवणं

मजूर मिळाले नाहीत, लग्नसराई आली, आणि उपसलेली टाकी मृगापर्यंत तशीच राहिली, असं होतं. पाऊस पडला की बाहेरची काळी माती फुगून भिंती आत ढकलते. फायबरची टाकी असेल तर भूजल तिला चक्क वर उचलतं. चैत्र-वैशाखात काम काढा आणि उपसणं ते भरणं एका आठवड्यात आटपा.

तिलाच पुनर्भरण खड्डा करणं

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हापासून छतावरचं पाणी बोअरला सोडायचा विचार घरोघरी होतो आणि तो चांगला आहे. पण त्यासाठी सेप्टिक टाकी वापरू नका. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी गाळत नाही, ते भेगांमधून थेट पळतं. भिंतींत मुरलेला मैला पावसाच्या पाण्याबरोबर तुमच्याच नाही, शेजाऱ्याच्या बोअरमध्येही उतरतो. पुनर्भरणाचा खड्डा वेगळा काढा, जुन्या टाकीपासून आणि शोषखड्ड्यापासून दूर. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत १८ मीटर अंतर ठेवायचा नियम आहे, तोच इथे पाळलेला बरा.

शोषखड्डाही विसरू नका. टाकीच्या बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या रेषेत, साधारण दहा-पंधरा फुटांवर तो सापडतो. आतले विटांचे तुकडे तसेच राहू द्या, मोकळी जागा खडी-चुरीने भरा आणि वर मुरूम.

भरल्यावर काही बिघडलं तर

सगळीकडे सारखं दोन-तीन इंच खचलं तर घाबरायचं कारण नाही, मुरूम टाकून ठोका. म्हणूनच भरताना वर चार-पाच इंच उंचवटा ठेवतात आणि पेव्हर एक पावसाळा गेल्यावर लावतात. एकाच जागी पुन्हा पुन्हा भोक पडत असेल तर खाली राहिलेला कप्पा किंवा बुच न मारलेला पाइप आहे. तेवढाच भाग उकरा. ऐन वैशाखात तिथे ओल दिसली तर कुठलीतरी चालू लाइन अजून आत येतेय, रंगाची चाचणी पुन्हा करा. घरात वास येत असेल तर आधी न्हाणीच्या ट्रॅपमध्ये (जाळीखाली पाणी धरून वास अडवणारा खोलगट भाग) पाणी आहे का बघा, कोरडा ट्रॅप हे सगळ्यात साधं कारण, नंतर एंड कॅप. आणि या जागेवर खोलीचा कॉलम किंवा पाण्याच्या टाकीचा स्टँड कधी घेऊ नका.

शेवटी घराच्या दोन कोपऱ्यांपासून टाकीच्या आणि शोषखड्ड्याच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. ते चार आकडे, भरल्याचं वर्ष आणि आत काय भरलंय हे कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवा. पुढे बोअर घेणारा किंवा पाया काढणारा ते आधी विचारेल.