सरासरी किती अंकांपर्यंत लिहायची?

साध्या लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत एक मीटर ठेवा आणि २० आंदोलनांची वेळ पाचदा घ्या. मोजायला ‘शून्य’ म्हणून सुरुवात करा. ‘एक’ म्हणून स्टॉपवॉच दाबलंत, तर आंदोलनं १९च भरतात आणि रीडिंग दोन सेकंदांनी कमी येतं.

माझी एका दिवसाची रीडिंग: ४०.१२, ४०.८७, ३९.६६, ४०.४१, ३९.९३ सेकंद. सरासरी ४०.१९८.

खरी गडबड इथून पुढे होते. ‘रीडिंगमध्ये दोन दशांश स्थळं आहेत, म्हणून सरासरीतही दोनच’ हा नियम मलाही शिकवला होता आणि मी दोन वर्षं जर्नलमध्ये तसंच लिहीत होतो. हा नियम सोडून द्या. घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं, पण बटण दाबणारा अंगठा तेवढा नेमका नसतो. वरची रीडिंगच एकमेकांपासून १.२ सेकंदांपर्यंत लांब आहेत. सरासरीचे अंक किती ठेवायचे, हे त्या पसाऱ्यावरून ठरतं.

प्रत्येक रीडिंगमधून सरासरी वजा करा, फरकांचे वर्ग करून बेरीज घ्या: ०.८६४. तिला चारने भागा. पाचने नाही, कारण सरासरी याच रीडिंगमधून काढलेली आहे. वर्गमूळ आलं ०.४६. हे झालं प्रमाण विचलन, आणि मी नेमका इथेच थांबायचो. ०.४६ हा एकट्या रीडिंगचा पसारा आहे. सहावं रीडिंग घेतलं तर ते साधारण किती भरकटेल, हे तो सांगतो. आपल्याला हवी आहे सरासरीची अनिश्चितता. त्यासाठी ०.४६ ला पाचच्या वर्गमुळाने भागा: ०.२१.

आता क्रम चुकवू नका. आधी अनिश्चितता एका अंकापर्यंत आणा: ०.२. मग सरासरीचं त्याच स्थळापर्यंत पूर्णांकन करा: ४०.२ ± ०.२ सेकंद. सरासरीचं पूर्णांकन आधी करून तिला नंतर अनिश्चितता चिकटवणं म्हणजे उलटा कारभार.

अनिश्चिततेचा पहिला अंक १ असेल, तर मी दोन अंक ठेवतो. ०.१४ चं ०.१ केलं की पाव भागाहून जास्त अनिश्चितता नाहीशी होते.

हे पूर्णांकन फक्त शेवटच्या उत्तरासाठी. पुढच्या गणितात ४०.१९८ आणि ०.२०८ हेच आकडे वापरा. २० ने भागून आवर्तकाल, म्हणजे एका आंदोलनाची वेळ, येतो २.०१० ± ०.०१० सेकंद. शेवटचं शून्य खोडू नका, तोही सार्थ अंक आहे, म्हणजे मापनाची अचूकता सांगणारा अंक. गुरुत्वत्वरण काढताना आवर्तकालाचा वर्ग होतो, म्हणून त्याची ०.५ टक्के अनिश्चितता दुप्पट होते: ९.७७ ± ०.१० मीटर प्रति सेकंद वर्ग. कॅल्क्युलेटरवरचं ९.७७२६ वहीत उतरवू नका.

तारेची जाडी मोजायच्या स्क्रू गेजवर कधीकधी सगळी रीडिंग एकच येतात. तेव्हा ± ० लिहू नका. निदान लघुतम मापाचं (उपकरणावर वाचता येणाऱ्या सर्वांत लहान मापाचं) निम्मं तरी लिहा.

आणि लांबी पुन्हा तपासा. दोन सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याच्या माथ्यापर्यंतच मोजली असेल, तर ती एक सेंटिमीटरने कमी धरली जाते आणि उत्तर जवळपास ०.१ ने खाली येतं. पाचाऐवजी पन्नास रीडिंग घेतली, तरी ही चूक सरासरीत तशीच राहते.