पहिलीचं पोर आणि सातवीची ताई : शाळेत सोबतीच्या जोड्या कशा लावाव्यात

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा बेळगावच्या पश्चिम भागात आणि खानापूरकडे पावसाची झड लागलेली असते. व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग, आणि खांबाला मिठी मारून रडणारं पहिलीतलं एखादं पोर. बाई जवळ गेल्या की ते आणखी जोरात रडतं. एका वर्षी आमच्या शाळेतली सातवीची एक मुलगी अशा पोराशेजारी खाली टेकली. तिनं डोळे पूस म्हटलं नाही. विचारलं, "तुमच्यात म्हशी किती?" पोरगा हुंदका आवरत म्हणाला, "दोन. येक व्यालीया." मग रेडकू कसलं, कपाळावर पांढरा टिळा हाय काय, असं बोलत बोलत दोघं वर्गात गेली. पुढचे आठ दिवस तो पोरगा सकाळी आधी त्या ताईला शोधायचा, मग दप्तर ठेवायचा.

हे आपोआप घडलं. पण शाळेनं ठरवून केलं तर प्रत्येक लहान मुलाला असा हक्काचा दादा नाहीतर ताई मिळते. आमच्याकडच्या मराठी शाळांत याची गरज जास्तच आहे. घरी एक बोली, पुस्तकात दुसरी मराठी, आणि जोडीला कन्नडही शिकायचं. सहा वर्षांच्या जिवाला एवढं सगळं एकाच उन्हाळ्यानंतर पेलायचं असतं. शिवाय कित्येक ठिकाणी एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता. नली-कली, म्हणजे कर्नाटकातल्या सरकारी शाळांतली खेळत शिकण्याची पद्धत. तिच्या वर्गात पहिली ते तिसरीची मुलं एकत्र बसतात आणि सोबत्याच्या मदतीनं शिकणारा गट त्या पद्धतीतच आहे. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ती सुरू झाली, तीही बहुवर्ग शाळांची अडचण समोर ठेवूनच. त्यामुळे मुलानं मुलाला शिकवणं इथं कुणाला नवं नाही. आपण फक्त ते मोठ्या वर्गापर्यंत न्यायचं.

आधी एवढं ठरवा

पहिल्या वर्षी सगळी शाळा गुंतवू नका. आठ-दहा जोड्या पुरेत. जबाबदारी एकाच शिक्षकाकडे द्या. सगळ्यांची म्हटलं की ती कुणाचीच राहत नाही. एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, बैठकीत विषय मांडा आणि मोठ्या मुलांच्या पालकांशी वेगळं बोला. "आमच्या पोरीचा अभ्यास बुडणार" ही त्यांची पहिली शंका असते आणि ती रास्त आहे. म्हणून वेळ आधीच बांधून घ्या. आठवड्यातून दोन दिवस, दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास, आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत पाऊण तास. खेळाचा तास मात्र यासाठी कापू नका. मोठी मुलंही मुलंच आहेत.

ताई-दादा कोण?

इथं मी स्वतः चुकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिल्या वर्षी मी सातवीतली पहिल्या पाच नंबरांतली मुलं निवडली. त्यांतली एक मुलगी फार हुशार, अक्षर मोत्यासारखं. तिसऱ्या आठवड्यात तिच्याकडचा पोरगा शाळेला येईना. घरी गेलो तर तो आजीच्या पदराआड. हळूहळू कळलं की "क" वाकडा आला की ताई पट्टीनं बोटावर टिचकी मारायची. तिचा दोष नव्हता. शिकवणं म्हणजे काय, हे तिनं आम्हा मोठ्यांकडून जे पाहिलं होतं तेच ती करत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या वर्षी नंबर बाजूला ठेवले. मधल्या सुट्टीत आठवडाभर नुसतं पाहत राहिलो. पडलेल्या लहान मुलाला कोण उठवतं, खेळताना हरलेल्याला परत कोण घेतं, ते लिहून ठेवलं. त्या यादीत दोन मुलं अशी निघाली की स्वतःला वाचताना अडखळणारी. त्यांना दादा केलं. पहिलीचं पुस्तक लहानग्याला वाचून दाखवायचं म्हणून ती आदल्या दिवशी घरी चार वेळा वाचून यायची. वर्षअखेर त्यांचंही वाचन सुधारलं. माझ्या मते या सगळ्या उपक्रमातली ही सर्वांत मोठी कमाई आहे, म्हणून निवड करताना मागच्या बाकावर जरूर नजर टाका.

जोडी लावताना दोघांत निदान चार इयत्तांचं अंतर असावं. घराचा रस्ता एक असेल तर उत्तम. सख्खी भावंडं एका जोडीत नकोत, घरचं भांडण शाळेत येतं. दोन-तीन मोठी मुलं राखीव ठेवा, कारण जुलैत रोप लावणीला घरचे सगळेच शेतात असतात आणि त्या दिवसांत सातवीतल्यांची हजेरी घटते. आपला दादा आला नाही म्हणून लहानगं एकटं बसलं, असं एकदाही होऊ देऊ नका.

मोठ्यांची तयारी

एक शनिवार पुरतो. पहिलं काम : सगळ्यांना डाव्या हातात पेन्सिल धरून (डावखुऱ्यांनी उजव्या) स्वतःचं नाव आधी मराठीत, मग कन्नडमध्ये लिहायला सांगा. वर आपण घाई करायची, "लवकर, लवकर!" पाच मिनिटांत चेहरे उतरतात. मग विचारा, आत्ता तुम्हाला काय हवं होतं? उत्तरं फळ्यावर लिहा. आमच्याकडे आलेली उत्तरं अशी : थांबायला हवं होतं, हसायला नको होतं, एक अक्षर बरं आलं तेवढं तरी सांगायचं. हेच नियम, आणि ते मुलांचेच असल्यामुळे पाळले जातात.

आपण वरून तीनच नियम घालायचे. एक, लहान मुलाच्या उंचीला येऊन बसायचं. दोन, त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेऊन स्वतः लिहायचं नाही. तीन, मारायचं, चिडवायचं, कान धरायचा नाही.

शिवाय एक गोष्ट नीट समजावून सांगा. लहान मुलानं मार, भीती, उपाशी राहणं, कुणाचा नको तो स्पर्श, असं काही सांगितलं तर ते गुपित ठेवायचं नसतं. त्याच दिवशी बाईंना किंवा गुरुजींना सांगायचं. तो भार दादानं एकट्यानं वाहायचा नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. जोड्या नेहमी व्हरांड्यात, झाडाखाली किंवा उघड्या वर्गात बसतील, बंद खोलीत नाही.

पहिली भेट

अभ्यास नको. ताईनं लहानग्याचा हात धरून शाळा फिरवून दाखवायची. नळ, मुलांचं आणि मुलींचं स्वच्छतागृह, स्वयंपाकघर, घंटा, पायरी घसरते ती जागा. स्वच्छतागृहाची कडी कशी लावायची ते प्रत्यक्ष करून दाखवायचं. कित्येक मुलं विचारायला लाजतात आणि दिवसभर कळ काढत बसतात. परत आल्यावर दोघांनी मिळून खडूनं जमिनीवर शाळेचं चित्र काढायचं. त्या दिवशी दोघं जेवायलाही शेजारी बसतील. अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, पंगतीत ताट कसं धरायचं, हवं-नको कसं सांगायचं, हे ताई बोलता बोलता शिकवून जाते.

शब्दांची पिशवी

सगळ्या उपक्रमांत मला हा सर्वांत प्रिय. जुन्या कापडाची छोटी पिशवी आणि पुठ्ठ्याचे तुकडे एवढंच लागतं. दर भेटीत लहानग्यानं घरचा एक शब्द आणायचा. ताईनं तुकड्यावर तो शब्द, खाली पुस्तकातला शब्द आणि त्याखाली कन्नड शब्द लिहायचा. मागे लहानग्यानं चित्र काढायचं.

"उलिसं" आला की खाली "थोडंसं" आणि "स्वल्प". "पानी" आला की "पाणी" आणि "नीरु". घरचा शब्द सर्वांत वर लिहायचा, हा माझा हट्ट आहे. "उलिसं चूक, थोडंसं बरोबर" असं कुणी म्हणायचं नाही. आजीचा शब्द चुकीचा ठरला की पोर बोलायचंच थांबतं, आणि न बोलणारं पोर वाचायलाही उशिरा लागतं.

खरी गंमत कन्नडशी गाठ पडली की येते. झाडाला कन्नडमध्ये "मर" म्हणतात. आंगणातल्या चिंचेकडे बोट दाखवून दादा "मर" म्हणाला तेव्हा दुसरीतला एक पोरगा घाबरून दोन पावलं मागं सरला. मग अर्थ कळल्यावर आठवडाभर दिसेल त्या झाडाला "मर, मर" म्हणत हिंडला. "तायि" म्हणजे कन्नडमध्ये आई, आपली ताई म्हणजे मोठी बहीण. "अक्का" दोन्हीकडे बहीणच, पण "अक्की" म्हणजे तांदूळ. "केळु" म्हणजे ऐक किंवा विचार. शाळेत केळं वाटताना "केळु!" म्हटलं की सगळी पंगत हसते. असे एकमेकांत गुंतलेले शब्द मुलं विसरत नाहीत. घरी कन्नड बोलणारं मूल जोडीत असेल तर त्या दिवशी तेच शिकवेल आणि ताई शिकेल. हे जरूर घडवून आणा.

बाकीचे उपक्रम

गणितासाठी चिंचोके. चार चिंचोके घासून एका बाजूनं पांढरे करायचे, फासे तयार. जमिनीवर एक ते पन्नास घरं आखायची. जेवढे पांढरे पडतील तेवढी घरं पुढं, जाताना मोजायचं, एक फेरी मराठीत आणि एक "ओंदु, एरडु, मूरु" करत. दहाच्या घरात आलं की दहा चिंचोक्यांची पुरचुंडी बांधून बाजूला ठेवायची. दशक म्हणजे काय, ते या पुरचुंडीत हाताला लागतं.

वाचनाला दहा मिनिटं, जास्त नाही. आधी ताई वाचेल आणि लहानगं बोट फिरवेल, मग दोघं एकदम, मग येईल तेवढं एकट्यानं. अडलं की ताईनं मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबायचं आणि मगच सांगायचं. हे थांबणं मोठ्या मुलांना सर्वांत जड जातं, म्हणून त्याचा सराव आधी करून घ्या.

आमच्या भागात रताळ्याचा वेल कुठंही मिळतो. जुलैत फूटभर वेलाचा तुकडा आणून मातीनं भरलेल्या जुन्या पोत्यात लावायचा, तीन-चार डोळे मातीत जातील असा. एका जोडीचं एक पोतं. दर आठवड्याला दोरीनं वेलाची लांबी मोजून भिंतीवर खूण करायची. साधारण चार महिन्यांत पोतं उपडं करता येतं. आमच्याकडे रताळी निघाली तेव्हा ती उकडून सगळ्या शाळेला एकेक फोड दिली. निपाणीकडे किंवा चिकोडीकडे जे पीक घरोघरी असेल ते घ्या. तिथं रताळ्याचा अट्टहास नको.

बिघडलं तर

कुठं ना कुठं बिघडतंच. लहानगं जवळ येईना, तर दोन आठवडे वाट पाहा आणि मग गाजावाजा न करता जोडी बदला. दादाला कंटाळा आला, तर त्याला उपक्रम निवडू द्या. दादाच लहानग्याचा गृहपाठ लिहून देऊ लागला, तर वह्या शाळेत ठेवा. दर शुक्रवारी मोठ्या मुलांना पंधरा मिनिटं गोल बसवून दोनच प्रश्न विचारा : या आठवड्यात तो कशाला हसला? कुठं अडला? उत्तरं एका वहीत लिहा. गुण, शेरे, "उत्कृष्ट दादा" असली बक्षिसं ठेवू नका. बक्षीस आलं की लहानग्याला ओढून पुढं नेण्याची घाई सुरू होते.

फेब्रुवारी लागला की सहावीतल्या नव्या मुलांना प्रत्येक जोडीशेजारी बसवा. त्यांनी फक्त पाहायचं. मार्चच्या शेवटच्या भेटीत लहानगं आपली पिशवी उघडून एकेक शब्द ताईला वाचून दाखवतं. जो सर्वांत आवडला तो तुकडा ते ताईला देतं, कारण जूनमध्ये ती हायस्कूलला गेलेली असते. बाकीची पिशवी त्याचीच. मागच्या वर्षी एका मुलीनं दिलेल्या तुकड्यावर "रेडकू" लिहिलं होतं. खाली पुस्तकातला शब्दही "रेडकू"च, आणि कन्नड शब्दाची जागा रिकामी. तेवढी आपण पुढच्या वर्षी भरू, असं ती ताईला सांगत होती.